शाळेला टीव्ही घेण्याआधी

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समित्या,
कोल्हापूर जिल्हा.

सप्रेम नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय गणित आणि विज्ञान. नोकरी अजून नाही. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी आणि त्यानंतर शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल पावलं तर शाळा मिळेल. त्यामुळं ‘ही कोण आम्हाला सांगणार’ असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतल्या शिकवण्याच्या सरावाच्या, निमित्तानं करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या वर्गांत मी मागच्या बाकावर बसून निरीक्षणं लिहिली, फळ्यापुढं उभी राहून पाठ घेतले, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. ती साहेबांना सांगण्याआधी तुम्हाला सांगावीशी वाटते.

कारण कायद्यानं हे काम तुमच्याकडं दिलंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक लागतात, निम्म्या महिला लागतात, आणि कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा समितीनं करायचा असतो. शाळेत काय आणायचं आणि कशासाठी, ते त्या आराखड्यात येतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या वेळी पालकाच्या वाट्याला दंड होता, आज पेन आहे. पण बऱ्याच ठिकाणी ते पेन सहीपुरतंच उघडतं. मुख्याध्यापक आराखडा वाचतात, वही फिरते, चहा येतो, बैठक संपते.

आता मुद्द्यावर येते. झेंडावंदन झालं की गावोगावच्या शाळांत टीव्हीचं लोकार्पण होतं. तरुण मंडळ देतं, दूध संस्था देते, पुण्या-मुंबईला गेलेले माजी विद्यार्थी वर्गणी काढून देतात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नारळ फुटतो, फोटो निघतो, ‘शाळा डिजिटल झाली’ अशी बातमी येते. पुढं काय होतं?

एका शाळेत टीव्ही भिंतीवर, लोखंडी जाळीच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप. किल्ली टेबलाच्या खणात. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आणि त्यातले सेल काढून वेगळे ठेवलेले, गळू नयेत म्हणून. काळ्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू तसंच होतं. मी गेले तेव्हा श्रावण चालू होता.

यावर ‘मास्तर लोकांना नकोच असतं’ असं म्हणून मोकळं होऊ नका. तिथले गुरुजी चांगले शिकवणारे होते. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला, म्हणजे फुटला तर जबाब कुणी द्यायचा? वॉरंटी होती, पण बिल मंडळाच्या तेव्हाच्या खजिनदाराकडं आणि तो आता नोकरीला बाहेरगावी. वर्गाला दोन्ही बाजूंनी मोठ्या खिडक्या. अकरानंतर काचेवर एवढी चकाकी यायची की चित्राऐवजी मुलांना स्वतःचीच तोंडं दिसायची. खिडक्यांना पडदे लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि वीजबिल. 31 ते 100 पटाच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ योजनेतून वर्षाला 25 हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे. त्यातच खडू, त्यातच दुरुस्ती, त्यातच वीज. ते हातात कधी पडतं हा पुन्हा वेगळा विषय.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मला काळजी वाटली ती दुसऱ्या एका शाळेत, जिथं टीव्ही रोज आणि व्यवस्थित चालत होता. आवाज खणखणीत, पडदे लावलेले. पृथ्वी फिरत होती, झाडाच्या मुळातून निळे बाण वर चढत होते, मागं संगीत. आणि चाळीसभर पोरं खाली सतरंजीवर हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसली होती. आमच्या आज्ज्यांच्या वेळी वर्गात मुलं जशी बसायची, अगदी तशीच. व्हिडिओ संपला. गुरुजींनी विचारलं, ‘समजलं?’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘होऽऽ’. शेजारच्या मुलाला मी हळूच विचारलं, ते निळे बाण कशाचे होते रे? तो म्हणाला, ‘करंटचे.’

मला सांगायचंय ते एवढंच. शाळेत कुठलंही यंत्र येऊ द्या, किंमत बघू नका, इंच बघू नका. ते चालू असताना मुलांचे हात काय करतायत ते बघा.

हे नवीन खूळ आहे असंही नाही. 1975-76 मध्ये ‘साइट’ नावाच्या प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्हीवरून धडे दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याकडं 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तुमच्यातल्या अनेकांनी ती दूरदर्शनवर बघितली असेल, गाणं अजून तोंडात असेल. मग संगणक कक्ष आले, मग टॅब, आता स्पर्शाचे पॅनेल. दर वेळी वर्ग बदलणार अशी दवंडी पिटली गेली. युनेस्कोनं 2023 चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर काढला आणि तोही शेवटी हेच विचारतो की हे तंत्रज्ञान नक्की कुणाच्या सोयीनं शाळेत येतंय.

त्यातल्या त्यात जे टिकलं ते बघा. पुस्तकांतले क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आपल्या वर्गासाठी केले, पुढं बालभारतीच्या पुस्तकांत आले, 2017 पासून दीक्षा ॲप त्याला जोडलं गेलं. ते कुठल्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून आलं नाही. समोर बसलेल्या मुलांची अडचण बघून एका शिक्षकानं काढलेली वाट होती ती.

आता माझ्या वर्गातलं सांगते. सातवीला एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री झाडं शिकवायची होती. तयार व्हिडिओ होता. त्यात मक्याच्या खोडाचा छेद दाखवलेला, छान रंगीत. पण शाळेच्या कुंपणापलीकडं ऊस उभा असताना मका कशाला? एक कांडं मागून आणलं. धारदार पात्यानं, मुलांना लांब उभं करून, कागदासारखी पातळ चकती काढली. मोबाइल टेबलावर उताणा ठेवला, पुढच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि चकती त्या थेंबाच्या अगदी जवळ, वर धरली. थेंबाचं भिंग होतं. थोडं वर-खाली करावं लागतं, मग एका क्षणी चित्र एकदम स्पष्ट होतं. पांढऱ्या गरात विखुरलेले गडद ठिपके. झाडाच्या अंगात पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे ते.

‘आयला, आतनं ठिपक्याठिपक्याचा हाय की!’ पहिल्या रांगेतला एकजण ओरडला. आणि मागून एका मुलीनं जो प्रश्न टाकला तो माझ्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, नव्हता. ‘मॅडम, ह्यो 265 हाय का 86032?’

उसाच्या जाती त्या मुलांना पाढ्यांसारख्या पाठ. मला कांडं बघून ओळखता येत नाही, त्यांना येतं. दुसऱ्या दिवशी चार घरांतून चार कांडी आली. मुलांनी पट्टीनं एक सेंटिमीटरचा चौकोन आखून त्यातले ठिपके मोजले. कडेला जास्त, मध्ये कमी, हे त्यांना आपापलं सापडलं. मग एकानं एरंडाची कोवळी फांदी आणली, तिच्या छेदात ठिपके गोल कड्यासारखे ओळीत होते, आणि एकबीजपत्री-द्विबीजपत्री हा फरक मला फळ्यावर लिहून द्यावाच लागला नाही. प्रत्येकानं वहीत आकृती काढली. फोनवरचं चित्र टीव्हीवर घेतल्यामुळं शेवटच्या रांगेतल्या मुलालाही दिसलं. म्हणजे टीव्ही होताच. पण त्यावर जे दिसत होतं ते मुलांच्याच हातातलं होतं. त्या तासाला तोंडावर बोट कुणाचंही नव्हतं, शेजारच्या वर्गातून तक्रार आली ती वेगळी.

दुसरा पाठ आठवीचा, आलेखांचा. पुस्तकात कुठल्यातरी दुकानातल्या विक्रीचा आलेख आहे. पण जुलै महिना, धुवाधार पाऊस, आणि कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांना आधी ‘किती फुटावर?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे इथल्या दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं. बंधाऱ्यावरचे आकडे मोबाइलवर येतातच. मुलं रोज सकाळी ते टिपून आणायची, आलेख कागदावर बिंदू मांडायची. 39 ला पिवळी रेघ, 43 ला लाल. फूट-इंचांचं दशांशात रूपांतर करताना निम्म्या वर्गानं 37 फूट 6 इंच म्हणजे 37.6 लिहिलं, आणि तिथं खरं गणित शिकवायला मिळालं. मग 2019 आणि 2021 चे आकडे आणले. दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढं गेलेलं, त्यासाठी कागदाला वर आणखी एक कागद चिकटवावा लागला. तेवढ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, करा गुणाकार. सेकंदाला 40 हजार लिटरच्या वर. ‘म्हणजे धा हजारचं चार टँकर, एका सेकंदात?’ वर्ग गप्प झाला. सात दरवाजे असतात हे कुणीतरी आठवण करून दिलं.

इथं मोबाइल नसता तर हा पाठ झाला नसता. ताजे आकडे पुस्तकात येणार कुठून? म्हणजे मी यंत्राच्या विरोधात नाही. पण सबंध वर्गाला मिळून एक फोन पुरला, बाकी काम पेन्सिलींचं होतं.

लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये याच कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मूल स्वतः करून, बघून, विचारून शिकतं हे त्यांनी महागड्या साहित्यावाचून दाखवून दिलं. त्यांची शाळा इथून हाकेच्या अंतरावर असताना आम्ही छात्राध्यापक मात्र पाठाच्या गुणतक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या ओळीला गुण पडावेत म्हणून पीपीटीत अक्षरं गरागरा फिरवत आणतो. हे आमचं आमच्याशी भांडण आहे, तुम्हाला त्याचा त्रास नको.

पूरग्रस्त भागातल्या समित्यांना एक वेगळं सांगायचंय. शिरोळ, हातकणंगले, करवीरमधल्या नदीकाठच्या गावांत पाणी शाळेत शिरतं तेव्हा काय होतं हे मी सांगायला नको. भिंतीला बोल्टनं आवळलेली वस्तू ऐनवेळी निघत नाही. तिथं एका माणसाला उचलून माळ्यावर नेता येईल असंच काही घ्या. छोटा प्रोजेक्टर, एखादा टॅब. आणि शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर, जिथं रेंजसाठी टेकाड चढावं लागतं, तिथं इंटरनेट लागणारं काहीही घेऊ नका. विक्रेता ‘ऑफलाइन पण चालतं’ म्हणेल. त्याला वस्तीवर बोलवा आणि तिथं चालवून दाखवायला सांगा. 2020 मध्ये ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ म्हणताना वस्त्यांवरच्या मुलांच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हे त्या मुलांनाच विचारा.

आता जरा अवघड बोलते. शिक्षक वर्गात मोबाइल बघताना दिसले की तुम्हाला राग येतो. ‘पगार मोबाइल बघायचा घेतात’ हे वाक्य मी बसस्टॉपवर ऐकलंय. मी ज्या वर्गात मागं बसायचे तिथल्या बाई सकाळी पहिल्या तासाला फोनवर काय करत होत्या ते मी बघितलं. हजेरी ऑनलाइन. पोषण आहाराची रोजची नोंद, किती मुलं जेवणार, काय शिजणार. मग ग्रुपवर निरोप, ‘अमुक माहिती बारा वाजेपर्यंत लिंकवर भरावी’. मग एका मुलाचं आधार जुळत नाही म्हणून त्याच्या आईला फोन. हे सगळं स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर. तोवर फळ्यावर तारीख आणि सुविचार, त्याखाली काही नाही. शाळेतल्या तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा वापर हा आहे आणि त्याचं लोकार्पण कुणी करत नाही. समितीच्या बैठकीत एकदा विचारा तरी, शाळेच्या वेळेत रोज कुठली माहिती भरावी लागते. त्यातली जी शाळा सुटल्यावर भरता येईल तेवढी त्या वेळेला ढकलण्यासाठी समितीचा ठराव वर पाठवा. एकट्या बाईंच्या तक्रारीला कोण विचारतं? पालकांच्या ठरावाला किमान आवक क्रमांक तरी पडतो.

आणि ठराव कसा करायचा हे या जिल्ह्याला शिकवायला नको. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला तो इतरांपुढं ठेवावा लागला. शेजारी सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. मला त्यातलं आवडलं ते हे की भोंगा थोरांनाही लागू होता. पोराच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा आणि स्वतः रील बघत बसायचं, असला ठराव असेल तर न केलेला बरा.

एआयबद्दलही हल्ली बैठकांत विचारलं जातं म्हणे. आमच्या वर्गात निम्मी टाचणं त्यावरच तयार होतात. मजकूर देखणा असतो, मराठी शुद्ध असते, फक्त ते टाचण ज्या वर्गासाठी असतं तो वर्ग कुठंच नसतो. शिक्षकानं त्याच्याकडून तीन पातळ्यांचे सरावप्रश्न काढून घेतले तर वेळ वाचेल, तो जरूर वाचवावा. पण सहावीतल्या मुलाचा निबंध एआयनं लिहायचा नाही. मुलाचं ‘माझ्या म्हशीनं काल लाथ मारली’ हे एक वाक्य मला एआयच्या दोन पानांपेक्षा जास्त सांगतं.

तर, पुढच्या बैठकीत कुणी टीव्ही द्यायला पुढं आलं तर नाही म्हणू नका. देणाऱ्याचं मन मोडू नये. पण त्यांना सांगा, निम्म्या पैशांचा छोटा टीव्ही द्या, उरलेल्यात खिडक्यांना जाड पडदे, नीट अर्थिंग, इन्व्हर्टरची बॅटरी, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा एक स्पीकर आणि मोबाइल धरायला एक तिवई द्या. बिल शाळेच्या नावानं घ्या. किल्ली वर्गशिक्षकाकडं ठेवा आणि वहीत लिहून ठेवा की वापरताना बिघाड झाला तर शिक्षकाच्या पगारातून काही घेतलं जाणार नाही. हे एक वाक्य लिहिलंत तर कुलूप आपोआप निघेल. आणि महिन्यातून एकदा, न सांगता, तुमच्यातल्या दोघांनी वर्गात मागं येऊन बसा. विशेषतः ज्या आया समितीत सहीपुरत्या येतात त्यांनी. पडद्याकडं बघू नका, पोरांकडं बघा.

मला शाळा कुठल्या तालुक्यात मिळेल माहीत नाही. मिळाली की पहिल्या बैठकीला हेच पत्र घेऊन येईन. तेव्हा तुमचं यावरचं म्हणणं, विरोधातलंसुद्धा, ऐकायला आवडेल.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका,
बी.एड. द्वितीय वर्ष, कोल्हापूर

ता.क. टीव्ही आधीच घेतला असेल तर सोबत आलेली एचडीएमआय केबल बहुधा दीड मीटरची असेल. टेबलापर्यंत ती पोचत नाही. पाच मीटरची घ्या.